होल्डवरची फाईल

वळ गावात बॅनर लावायला फार मोठं कारण लागत नाही. कुणाच्या पोराचा पहिला वाढदिवस असो, कुणी नवा डंपर घेवो, फाट्यावर फ्लेक्स चढलाच म्हणून समजा. तरीही जून महिन्यात अनंता तरेनं लावलेला बॅनर सगळ्यांच्या वरचढ होता. वीस फूट बाय दहा. त्यावर त्याच्या मुलीचा, रंजिताचा, आयकार्डवरून मोठा केलेला फोटो. फोटोतल्या गळ्यात कॉम्प्युटरवर चिकटवलेला स्टेथोस्कोप. आणि मजकूर असा: ‘नीट परीक्षेत घवघवीत यश! वळ गावची पहिली डॉक्टर कु. रंजिता अनंता तरे हिचे हार्दिक अभिनंदन.’ खाली चौदा शुभेच्छुक. त्यातल्या अकरा जणांना रंजिता कितवीत आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

सगळं झकास होतं. फक्त रंजिता डॉक्टर होणार नव्हती.

झालं असं की निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे ‘पात्र’ असा शेरा होता. अनंताच्या लेखी पास म्हणजे पास. तो दहावी पास झाला, फोर्कलिफ्टच्या लायसनची टेस्ट पास झाला, दोन्ही वेळेला पुढे कुणी काही विचारलं नव्हतं. पात्र म्हणजे नुसती रांगेत उभं राहायची परवानगी, आणि ती रांग लाखांची, हे त्याला कोण सांगणार? रंजिता सांगणार होती, पण ती त्या दिवशी आत्याकडे अंबाडीला गेलेली. आणि हा गडी संध्याकाळच्या आत विपुलच्या दुकानात जाऊन फ्लेक्सची ऑर्डर देऊन मोकळा. विपुल त्याचा पुतण्या, धंदाच फ्लेक्स छापायचा. तो कशाला अडवतोय?

दोन दिवसांनी रंजिता फाट्यावर रिक्षातून उतरली आणि तिनं वर स्वतःलाच पाहिलं. घरी येऊन ती म्हणाली, “पप्पा, हे काय करून ठेवलंत?”

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. हा दुसरा प्रयत्न होता. एवढ्या मार्कांत सरकारी मेडिकल मिळत नाही, आणि खाजगीचं नावच काढायला नको. अनंतानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मंग आता?” त्यानं विचारलं.

“नर्सिंगची पण सीईटी दिलीय मी. त्यात मार्क चांगले आहेत.”

अनंतानं टीव्हीचा आवाज वाढवला.

उन्हाळा संपला, पाऊस लागला, बॅनर तिथंच. गोडाऊनमध्ये, किराण्याच्या दुकानात, जो तो विचारी, “काय मग, कुठलं कॉलेज?” आणि अनंता सांगे, “प्रोसेस चालू हाय.” प्रोसेस हा शब्द त्याला फार उपयोगी पडला. तेवढ्यात शेजारची एक आजी गुडघे दाखवायला रंजिताकडे येऊन गेली. रंजितानं तिला खरं काय ते सांगितलं. म्हातारी म्हणाली, “असू दे गं, बघ तरी.” मग तिनं बघितले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नर्सिंगची यादी लागली. सरकारी कॉलेज, ठाण्याच्या पलीकडे, चार वर्षं, हॉस्टेलसकट. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत ओरिजिनल कागदपत्रं घेऊन हजर राहायचं, नाहीतर सीट पुढच्या नंबराला.

“अजून एक वरीस क्लास लाव,” अनंता म्हणाला. “मी हाय ना.”

“तिसऱ्यांदा पण तेवढेच पडतील, पप्पा. माझं फिजिक्स मला माहीत आहे.”

“म्हंजे डॉक्टरकी मिळाली न्हाय म्हणून नर्स?”

“हो,” रंजिता म्हणाली. “मिळाली असती तर गेले असते. खोटं कशाला बोलू? पण आता हे मिळालंय आणि हे मला करायचंय. पुन्हा वर्षभर त्या खोलीत बसून गोळे काळे करायचे नाहीत मला.”

रंजिताच्या आईनं मान डोलावली, म्हणून अनंता तिच्यावर डाफरला.

आता कुणीही म्हणेल, याला बॅनरची पडली होती. होतीच. चौदा शुभेच्छुकांना तोंड कसं दाखवायचं, हे त्याला रोज खात होतं. पण तेवढंच नव्हतं. अनंता ज्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा, तिथं पूर्वी त्याच्याच बापाची भातशेती होती, आणि तिथला निम्म्या वयाचा सुपरवायझर त्याला “ए तरे” अशी हाक मारायचा. आपल्या घरात एक तरी माणूस असं असावं की ते आलं की समोरचा उठून उभा राहील, एवढी त्याची इच्छा. आणि नर्सचं काय असतं ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या वर्षी त्याची मोठी बहीण काशी पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा अकरा दिवस रंजिता तिच्या उशाशी होती. एका सकाळी अनंता डबा घेऊन गेला, तर एक पोरगेला डॉक्टर वॉर्डातल्या सादिया सिस्टरवर ओरडत होता. त्यानं टेबलावर फाईल आपटली, कागद खाली उडाले, आणि ती चाळिशीची बाई वाकून एकेक कागद उचलत बसली. अनंताला तिथं उभं राहवेना. तो खाली चहा प्यायला निघून गेला. माझी सोकरी, पोटची पोर, कुणाचे कागद गोळा करणार न्हाय, हे त्याचं तेव्हाच ठरलं.

म्हणून गुरुवारी त्यानं कपाटातली ओरिजिनल कागदांची फाईल उचलली आणि ड्युटीवर जाताना गोडाऊनमधल्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली. लॉकर तिघांत एक. दुसऱ्यांनी हात लावू नये म्हणून फाईलवर त्यानं लाल स्टिकर मारला, होल्डचा. गोडाऊनमध्ये होल्ड लागलेला माल कुणी हलवत नाही. तो ज्यानं लावला त्यानंच काढायचा, मालकानंसुद्धा नाही.

शुक्रवारी रंजितानं फाईल शोधायला घेतली. घर पालथं घातलं.

“काशीआत्याकडं राहिली असंल,” अनंता म्हणाला. “जातीच्या दाखल्याचं विचारायला नेली होती मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या गाडीनं ती अंबाडीला निघून गेली. अनंता पहिल्या शिफ्टला आला. सोपा हिशोब होता. ती जाणार, शोधणार, हात हलवत परत येणार, तोवर पाच वाजून जाणार. त्यानं दोन ट्रक खाली केले. तिसऱ्याला काशीचा फोन आला.

“अनंता, सोकरी आलीय. फाईल मागते.”

अनंतानं फोर्कलिफ्ट बंद केली.

“मी बोलले, हाय माझ्याकडं. कुठं ठेवली ते ध्यानात न्हाय, सोधायला लागंल. तिला भाकऱ्या थापायला बसवलीय.”

“बाय, तू कनाला खोटं बोललीस…”

“मंग काय बोलू? तुझा बापूस लबाड हाय, असं बोलू?” काशीचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला, कारण चूल आणि चुलीपाशी बसलेली रंजिता दोन हातांवर होती. “तुझ्याकडंच हाय ना ती?”

“हाय.”

“मना वाटलंच. जेवनं होईपर्यंत ये. मागच्या दारानं ये.”

“पन बाय, मना ते नर्सिंग पटत न्हाय.”

“पटायचं मंग बघू. सोकरी तुझ्या शब्दावर सकाळची उठून इथवर आलीय, अनंता. एकदा पन बोलली न्हाय की पप्पांनी लपवली असंल.”

फोन ठेवल्यावर अनंता लॉकरसमोर उभा राहिला. काही करायचं नव्हतं. नुसतं काम करत राहिलं तरी भागणार होतं. पण पोरीला शंकासुद्धा आली नाही, हे त्याला सोसेना. त्याला स्वतःची लाज वाटली, चांगली घाम फुटेपर्यंत. त्यानं सुपरवायझरला सांगितलं, घरी अर्जंट आहे. सुपरवायझर म्हणाला, “ए तरे, गाडी कोण खाली करणार?” अनंता म्हणाला, “तू कर,” आणि बाईक काढली.

अंबाडीला पोचायला एक वाजून गेला. रस्त्यातल्या खड्ड्यांनी त्याचा पिट्टा पडला. शर्टाच्या आत फाईल, वरून रेनकोट, असा तो मागच्या दारानं शिरला. काशी काठी टेकत वाटच बघत होती. तिनं फाईल ओढून घेतली, तांदळाच्या पिंपात खुपसली आणि घर दणाणेल अशी ओरडली, “सापडली गं बाय, सापडली!”

रंजिता पिठाच्या हातांनी धावत आली. आत्यानं पिंपातून फाईल बाहेर काढली, तिच्यावरचे तांदूळ झटकले. आणि मग तिघांनाही तो लाल स्टिकर दिसला. घाईत अनंता तो काढायचाच विसरला होता.

“हे काय, आत्या?”

“मीच लावला. लाल असला की सापडायला बरं.”

“त्यावर इंग्रजीत लिहिलंय.”

“लिहिलं असंल. मी काय वाचते?”

“आणि पप्पा इथं कसे?”

“मीच बोलावला. तुला ठान्याला कोन सोडनार? टाईम बघ किती झाला.”

रंजितानं आत्याकडे पाहिलं, मग बापाकडे. अनंता पिंपाचं झाकण लावत होता. त्या झाकणाला एवढा वेळ लागत नाही. ती हात धुऊन आली, फाईल ओढणीखाली घेतली आणि म्हणाली, “चला. पाचला खिडकी बंद होते.”

भिवंडी ओलांडली. वळच्या फाट्याजवळ बॅनर आला. पावसानं त्याचा रंग विटला होता, एक कोपरा सुटून फडफडत होता, आणि शेजारी गणपतीच्या कमानीचे बांबू उभे राहत होते. दोघांनीही वर पाहिलं नाही.

कशेळीला ट्रॅफिकनं गच्च धरलं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे अनंताची बाईक. पावणेचार वाजले होते. तेवढ्यात बाजूला एक स्कूटर घुसली. त्यावर मनोज होता, गावातलाच, चौदा शुभेच्छुकांपैकी सातव्या नंबरचा फोटो.

“काय अनंताभाऊ! डॉक्टरीणबाईला घेऊन कुठं?”

अनंतानं तोंड उघडलं. प्रोसेस हा शब्द जिभेवर आला होता. पण मागच्या सीटवर ती बसली होती, फाईल त्याच्या पाठीला टेकलेली होती.

“नर्सिंगला चाललीय,” तो म्हणाला. मनोजला हॉर्नमध्ये ऐकू गेलं नाही, म्हणून त्याला पुन्हा ओरडून सांगावं लागलं. “नर्सिंगला! ॲडमिशन हाय आज!”

“अरे? पण बॅनरवर…”

“चुकीचा हाय बॅनर. उद्या काढतो.”

मनोजनं स्कूटर वळवली. तो “बरं बरं” म्हणाला आणि दोन कंटेनरच्या फटीतून पुढे सटकला.

कंटेनर हातभर पुढे सरकले. मग अनंता पुढेच बघत म्हणाला, “त्या सादिया सिस्टरचे कागद उडवले होते त्या डॉक्टरनं. ध्यानात हाय ना तुझ्या? तुझे उडवले तर?”

“तुम्ही चहाला गेलात,” रंजिता म्हणाली. “पुढचं तुम्ही बघितलंच नाही.”

“काय पुढचं?”

“तिनं कागद उचलले ते नुसते उचलले नाहीत, वाचले. आत्याला सकाळी दिलेलं इंजेक्शन त्यानं पुन्हा लिहिलं होतं. ती बाई त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेली आणि म्हणाली, ‘डॉक्टर, हे मी देणार नाही.’ त्यानं बघितलं आणि खोडलं. परत येऊन तिनं मला सांगितलं, चल, आत्याची कूस बदलू.”

“काशीबायला ठाव हाय हे?”

“नाही. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही घाबरला असता.”

अनंता खरंच घाबरला, वर्ष उलटून गेल्यावर, कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये. त्याच्या हातातला क्लच सुटला आणि गाडी बंद पडली. मागच्या कंटेनरनं असा हॉर्न मारला की दोघंही दचकली.

कॉलेजात पोचले तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती. खिडकीपाशी शेवटचे तेच दोघं. आतल्या बाईंनी कागद तपासले, शिक्के मारले, अनंताची पालक म्हणून सही घेतली. मग फाईल मिटून उलटी केली आणि चष्म्यावरून पाहिलं.

“हा कसला स्टिकर? होल्ड? असं लिहिलेलं मी आत पाठवलं तर आतले सोमवारी मलाच विचारतील. काढा बघू.”

रंजितानं हात पुढे केला. अनंतानं तो बाजूला सारला.

“दे इकडं,” तो म्हणाला. “मी लावलाय. ज्यानं लावला त्यानंच काढायचा असतो.”

रंजितानं हात मागे घेतला. तो स्टिकर चांगल्या गोंदाचा होता, गोडाऊनचाच. अनंता नखानं खरवडत राहिला आणि त्याच्या चिंध्या निघत राहिल्या. पाचला पाच मिनिटं कमी होती. रंजिता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, पण तिनं त्याला घाई केली नाही. शेवटचा लाल तुकडा निघाला, तेव्हा त्यानं फाईल शर्टाला पुसली आणि स्वतःच्या हातानं खिडकीतून आत सरकवली.