‘उसळी’ वाहिनीचा माईक

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, मला माझी गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच आहे. आजवर मी फक्त दुसऱ्यांचे बोलणे पुढे पोचवले. स्वतःचे बोलायची वेळ आली, तर आधी काय सांगावे आणि नंतर काय, हेच सुचत नाही. चुकलो तर सांभाळून घ्या.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. आठवते ती आळेफाट्याला दलीचंदशेठांच्या साडीच्या दुकानावरची खोली. शेठजींचा मुलगा पारस याने तिथे तरुण मुलांसाठी केबलवरची वाहिनी काढली आणि तिचे नाव ठेवले ‘उसळी’. मागे पडदा म्हणून दुकानातलीच एक न खपलेली साडी लावली होती. पहिल्या दिवशी पारसच्या आईने, कस्तुरबाईंनी, कॅमेऱ्याला कुंकू लावले आणि मलाही लावले, ते थेट जाळीवर. कुंकू आत गेले. घसा बसल्यासारखा मी खरखरू लागलो.

“आई, त्याला कशाला लावलंस?” पारस ओरडला.

“यंत्राला पहिलं कुंकूच लावतात,” त्या म्हणाल्या. “खरखरतो तर खरखरू दे. नजर तरी लागणार न्हाई.”

फाट्यावरचे ट्रकवालेही काही कमी नव्हते. “काय राव, उसळ चॅनेल लागलं का? बरूबर पाव कवा देताय?” असे विचारायचे.

पण वाहिनी चालली ती उजमामुळे. उजमा जुन्नरची, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या पीरमहंमदभाईंची मुलगी. ‘बोल की!’ हा तिचा कार्यक्रम. त्यात माईक पाहुण्यांकडे द्यायचा नाही, मुलांच्याच हातात द्यायचा, हा तिचा नियम होता. “‘व्हतं’ म्हणालास तरी चालंल, पण स्वतःचं बोल,” असे ती सांगायची. राजुरीच्या मुलींनी माझ्यातून कबड्डीसाठी मैदान मागितले. गॅरेजातल्या पोरांनी आपणच जुळवलेली गाणी म्हटली. त्यांचे ग्रीसचे, घामाचे हात मला आवडायचे. रस्त्यात लोक उजमाला ओळखायचे, आणि मान माझी ताठ व्हायची.

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. पोरे स्वतःच स्वतःला दाखवू लागली. पारसला जाहिराती मिळेनात, म्हणून त्याने पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे कार्यक्रम घ्यायला सुरुवात केली. तरुणांच्या वाहिनीवर जिकडे तिकडे हार आणि फेटे. मला चीड यायची. पण माईकची चीड ऐकणार कोण?

अशातच महाळुंगे पडवळची आरती उजमाकडे आली. गावातून कॉलेजला जाणारी सकाळची बस बंद झाली होती.

“ताई, दिवाळीपर्यंत गाडी सुरू झाली न्हाई तर बाबा माझं कॉलेज बंद करणारेत. रोज जीपला लटकून जायला न्हाई म्हणत्यात.”

उजमाने बस आगाराच्या साहेबांना गळ घातली. मुलींचे म्हणणे ऐकायला ते गावात यायला तयार झाले. कार्यक्रम थेट दाखवायचा ठरला.

देवळापुढे मांडव पडला. आरती मला धरून उभी राहिली. ती तोंड उघडणार, तोच गावचे पुढारी रामनाथअण्णा उठले.

“आधी पावण्यांचा मानपान, मग पोरीबाळींचं,” असे म्हणत त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतले. माझ्या डोक्यावर टिचक्या मारल्या. मग साहेबांना शाल, फेटा, नारळ. मग सरपंच. मग माजी सरपंच. मग डेअरीचे चेअरमन. सगळ्यांची नावे घेऊन झाली, तेव्हा मागून आवाज आला, “आन् आमच्या वरच्या आळीचं कोणच नाय का? आमी काय मेलो?”

झाले! वरच्या आळीचे सत्कार सुरू झाले. नारळ संपले, तेव्हा डेअरीच्या चेअरमनचाच नारळ परत मागून घेतला.

“अण्णा, आता मुलींना बोलू द्या,” उजमा कळवळून म्हणाली.

“बोलतील की! त्या काय पळून चालल्यात व्हय?”

निघाले ते साहेब. त्यांनी घड्याळ पाहिले, हात जोडले आणि ते गाडीकडे चालू लागले. अण्णांनी घाईघाईने मला आरतीच्या हातात कोंबले. “हं पोरी, बोल आता.”

आरती मांडवात बोललीच नाही. मला घेऊन ती साहेबांच्या मागे धावत सुटली. अगं, माझी वायर पुरायची नाही! वायर ताणली आणि तुटली. “आवाज गेला, आवाज गेला!” पारस ओरडत राहिला. ती मात्र साहेबांच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली. मला तसेच तोंडापाशी धरून.

“साहेब, तुमी नारळ घेऊन चाललाय, आमचं बोलणं हितंच राहिलं. गाडी आली न्हाई तर आमी पोरी घरी बसणार. येवढंच सांगायचं व्हतं.”

साहेबांनी काच खाली केली. “मग आधी नाही का बोलायचं? मी त्यासाठीच तर आलो होतो.”

“आधी म्हंजे कवा, साहेब? तुमीच सांगा.”

साहेबांनी मांडीवरचा नारळ बाजूला ठेवला. म्हणाले, “गाडी सुरू करतो.”

आणि बस सुरू झाली. आरतीचे कॉलेज टिकले. पण देवळापाशी लगेच फ्लेक्स लागला, ‘मा. रामनाथअण्णा यांच्या अथक प्रयत्नांना यश!’ आरती रोज बसच्या खिडकीतून तो वाचत कॉलेजला जायची.

‘उसळी’ पुढे बंद पडली. त्या दिवसाचे चित्रीकरण पारसकडे अजून आहे. त्यात सगळे सत्कार खणखणीत ऐकू येतात. नंतर आरती धावताना दिसते, तिचे ओठ हलतात, आवाज मात्र नाही. माझ्या साऱ्या आयुष्यातले ते सगळ्यात मोलाचे बोलणे. मी तिच्या ओठांपाशी होतो आणि त्यातले एक अक्षरही पुढे पोचवू शकलो नाही. ही चीड काही केल्या जात नाही.

मित्रांनो, माझी वायर कुणी जोडली नाही तरी माझी तक्रार नाही. पण कधी तुमच्या हातात माईक आला आणि शेजारी कुणीतरी केव्हाची ताटकळत उभी असेल, तर आपले बोलणे आटोपते घ्या आणि तो तिच्याकडे द्या. तिच्यावर धावायची वेळ येऊ देऊ नका.