पदवीदानाचा रोल

शेवंती तायडे बी.ए. पास झाली तेव्हा तिची मुलगी अनुपमा अंधेरीच्या डेंटल लॅबमध्ये एका दाढेची कॅप घासत बसली होती. आईनं फोनवर आधी जेवलीस का म्हणून विचारलं, मग सांगितलं की निकाल लागला, सेकंड क्लास आहे. अनुपमानं हातातली दाढ खाली ठेवली आणि लॅबमधल्या एकूण एक माणसाला जाऊन सांगितलं.

शेवंती साकीनाक्याच्या एका गाळ्यात छोट्या मोटारींच्या कॉइल गुंडाळायचं काम करायची. बारावी झाल्या झाल्या लग्न होऊन ती बुलढाण्याहून मुंबईला आली आणि कॉलेज राहून गेलं. पन्नाशी उलटल्यावर तिनं मुक्त विद्यापीठात नाव घातलं. कामावरून आली, भाकऱ्या टाकून झाल्या, की ओट्यापाशीच पुस्तक उघडून बसायची. सनावळ्या ती कॉइल गुंडाळता गुंडाळता पाठ करायची. त्या नादात वेढे चुकले तर तार सोडवून पुन्हा पहिल्यापासून.

तिचा नवरा सहदेव ट्रॉम्ब्याला एका कारखान्यात फिटर होता, आता रिटायर झालेला. पण घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्यांच्या वस्तीत लोक त्याला ओळखायचे ते कॅमेऱ्यामुळे. तरुणपणी त्यानं एक सेकंडहँड जपानी कॅमेरा घेतला होता, रोलवाला. वस्तीत कुणी दहावी झालं, कुणी नर्स झालं, कुणी वकील झालं, की सहदेव त्या माणसाला वरच्या पाण्याच्या टाकीपाशी उभं करायचा. खाली बघायचं नाही, असं सांगायचा, आणि समोरच्याची मान नीट वर येईपर्यंत बटण दाबायचा नाही. शेवंती बाजूला फ्लॅश धरून उभी असायची. वस्तीतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर ते फोटो अजून आहेत.

पदवीदानाची तारीख कळली तशी शेवंतीनं घरात जाहीर करून टाकलं, की तिचा फोटो त्याच कॅमेऱ्यात निघाला पाहिजे. मोबाईलवर हवे तेवढे काढा, पण अख्खी वस्ती ज्याच्यात आली त्यात तीही यायला हवी.

सहदेवनं एकदा कपाटाच्या वर पाहिलं. कॅमेरा कपाटावर कित्येक वर्षं पडून होता. त्याच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि हल्ली चहाचा कप धरतानाही हात थरथरायचा. शेवटी अनुपमानंच स्टुलावर चढून कॅमेरा खाली काढला. पुसून पाहिला. शटर खट् करून वाजलं आणि बापलेकीनं एकमेकांकडे पाहिलं.

उजेड मोजायचा आतला काटा मात्र हलेना. त्याला लागणारी बटणासारखी बॅटरी आता कुठेच बनत नव्हती. सहदेव म्हणाला, काट्याची गरज काय, डोक्यावर ऊन आहे ना. कडक ऊन असेल तर लेन्सचं भोक किती लहान ठेवायचं, ढग आले तर किती मोठं करायचं, घरात किती, हे त्यानं अनुपमाला अंगणात उभं करून, जमिनीवर पडलेल्या सावलीची कड दाखवून शिकवलं. सावलीची कड धारदार असेल तर एक हिशेब, पुसट असेल तर दुसरा. अनुपमानं अंधेरीच्या एका दुकानातून रोल मिळवला, दोघांनी मिळून तो घरादारावर संपवला आणि धुवायला दिला.

फोटो आले ते पाहून सहदेवचा चेहरा उतरला. जवळजवळ प्रत्येक फोटोत उजव्या कडेला नारिंगी जाळ पेटल्यासारखा पट्टा होता. लेन्स गेली, म्हणाला, आणि त्यानं कॅमेरा परत चामड्याच्या खोळीत घालून टाकला. शेवंतीला त्यानं सांगितलं, की मोबाईलवरच काढू, चांगले येतात हल्ली.

अनुपमाला ते पटेना. तिनं सगळे फोटो पलंगावर मांडले. जाळ सगळीकडे त्याच बाजूला होता. घरात काढलेल्या फोटोंत तो नावालाच होता, आणि ज्या दिवशी कॅमेरा तासभर गळ्यात अडकवून ती उन्हात हिंडली होती त्या दिवशीच्या फोटोंत सगळ्यात मोठा. लेन्स खराब असती तर हा फरक पडला नसता. उजेड समोरून नाही, मागून शिरत होता.

तिनं मागचं झाकण उघडलं. कडेच्या खाचेत जो मऊ काळा फोम असायला हवा होता त्याचं पार डांबर झालं होतं. बोट लावलं तर बोटाला चिकटून आला.

"पप्पा, लेन्सला काही झालेलं नाही. दार नीट बंद होत नाहीये, एवढंच."

दुसऱ्या दिवशी तिनं लॅबमधून मेण कोरायची बारीक हत्यारं घरी आणली. खिडकीपाशी बसून तिनं खाचेतलं सगळं चिकट काळं खरवडून काढलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवला आणि बिजागरीच्या बाजूला शेवंतीच्या जुन्या मखमली ब्लाउजची पट्टी चिकटवली. सहदेव समोर बसून बघत होता. मध्ये एकदा त्यानं विचारलं, की दातांचं काम असंच असतं का. ती म्हणाली, असंच, फट राहिली की संपलं. तो मान हलवत राहिला. संध्याकाळी नाक्यावर तो कुणाला तरी सांगत होता, की आमच्या अनुनं कॅमेऱ्याच्या दातांची ट्रीटमेंट केली.

दुसरा रोल त्यांनी एका रविवारी घातला. मोबाईलवर अनुपमा एकाच गोष्टीचे वीस फोटो काढायची आणि नंतर एकही बघायची नाही. इथं रोलमध्ये फोटो मोजकेच, त्यामुळे आपोआप थांबायला व्हायचं. शेजारच्या द्रौपदीमावशी गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या, त्यांचा हात वर गेला तेव्हाच तिनं बटण दाबलं. टेकडीवरून विमानं अगदी कमी उंचीवरून जातात. एक विमान बरोबर टाकीच्या वर यावं म्हणून ती उन्हात ताटकळत उभी राहिली. तीन गेली, चौथं मनासारखं आलं. खट् आवाज झाला आणि ती उगाचच हसली. फोटो निघाला की नाही ते कळायला चार दिवस होते, पण निघालाय हे तिला आतून माहीत होतं.

तो रोल स्वच्छ आला, कुठेही जाळ नाही. सहदेवनं भिंग लावून एकेक फोटो पाहिला. विमानाच्या फोटोवर तो बराच वेळ थांबला.

"झकास आहे," तो म्हणाला. "मला एवढं थांबायला जमलं नसतं."

पदवीदान मुलुंडच्या एका हॉलमध्ये होतं. शेवंतीनं निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती आणि वरून विद्यापीठाचा काळा गाऊन. सहदेवनं लग्नाकार्यातला काळा कोट काढला होता. कॅमेऱ्यात तिसरा रोल होता. त्यातले काही फोटो अनुपमानं आठवडाभर इकडेतिकडे काढले होते. किती काढले ते मात्र लक्षात नव्हतं, आणि फोटो मोजणारा आकडा तर कॅमेऱ्यावर कधीचाच अडकून बसला होता.

स्टेजवरचे फोटो अनुपमानं काढायचे आणि बाहेर उन्हातला फोटो सहदेवनं, असं घरीच ठरलं होतं. शेवंतीचं नाव पुकारलं तेव्हा अनुपमा मधल्या वाटेत गुडघा टेकून तयार होती. आई पायऱ्या चढत असताना तिनं पहिला फोटो काढला. रोल पुढे सरकवायचं लिव्हर ओढलं तर ते जड गेलं. आई तोवर पाहुण्यांपर्यंत पोचली होती, थांबायला वेळ नव्हता. अनुपमानं अंगठ्यानं जोर लावला, लिव्हर फिरलं. हातात पदवी घेताना एक. मग शेवंती लोकांकडे वळली आणि पदवी छातीशी धरून क्षणभर उभी राहिली, तेव्हा एक. टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या हे अनुपमाच्या नंतर लक्षात आलं.

बाहेरच्या आवारात सहदेवनं कॅमेरा हातात घेतला, लिव्हर ओढलं आणि तो थांबला. परत ओढलं. मग डावीकडच्या बटणाकडे पाहिलं. रोल पुढे सरकतो तेव्हा ते बटण आपोआप फिरतं. ते जागचं हललं नव्हतं.

"अनु, रोल फिरत नाहीये."

अनुपमाला ते जड झालेलं लिव्हर आठवलं. रोल तिथेच संपला असणार. तिनं जोर लावला आणि फिल्मच्या कडेची भोकं फाटली. आता लिव्हर नुसतंच फिरत होतं. रोल मागे गुंडाळायचं बटण फिरवून पाहिलं तर फिल्म आत कुठेतरी गच्च अडकलेली. नवा रोल घालायचा तर झाकण उघडायला हवं होतं, आणि झाकण उघडलं की उजेडानं स्टेजवरचं सगळं जाणार होतं.

"वाट लावली मी," ती हळूच म्हणाली.

सहदेव म्हणाला, काळी पिशवी असती तर आत हात घालून फिल्म काढता आली असती. पूर्वी त्याच्याकडे होती तशी, दोन बाह्यांची. शेवंती इतका वेळ नुसती ऐकत होती. तिनं अंगावरचा गाऊन उतरवला आणि पुढे केला.

"हा घ्या. बाह्या आहेत याला."

गाऊन परत घ्यायला बसलेली मुलगी लांबून हाका मारत होती. शेवंती तिच्याकडे गेली आणि तिला म्हणाली, की हा घालायला मला पस्तीस वर्षं लागली, अजून थोडा वेळ माझ्याकडे राहू दे. मुलगी हसली, आणि हॉलमागची खुर्च्या ठेवायची खोली तिनंच उघडून दिली. खोलीला खिडकी नव्हती.

दिवा बंद केला, दाराखालच्या फटीला शेवंतीनं आपली कापडी पिशवी लावली. कॅमेरा सहदेवच्या कोटात गुंडाळला, त्यावर गाऊनची दुहेरी घडी, आणि गाऊनच्या बाह्यांतून उलटे हात घालून अनुपमा जमिनीवर बसली. सहदेवनं बाहेरून गाऊनच्या कडा दाबून धरल्या. पुढचं सगळं बोटांवर होतं. रोज दातांच्या साच्यात जी फट डोळ्याला दिसत नाही ती बोटाच्या टोकानं शोधायची तिला सवय होती. झाकण उघडलं. फिल्मची फाटकी कड हाताला लागली. कड हळूच सोडव, ओढू नको, सहदेव सांगत होता. मग रोलची डबी बाहेर काढ आणि तिची दांडी फिरवत सगळं आत घे. ती फिरवत राहिली. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शेवंतीनं अंधारातच चाचपून पदरानं तिचं कपाळ पुसलं.

"आली आत," अनुपमा म्हणाली.

बाहेर येऊन त्यांनी नवा रोल घातला. लिव्हर ओढलं तसं डावीकडचं बटण फिरलं. ते तिघांनी वाकून पाहिलं. शेवंती पुन्हा गाऊन घालून भिंतीपाशी उन्हात उभी राहिली. सहदेवचा हात थरथरत होता, म्हणून त्यानं अनुपमाला पुढ्यात उभं केलं आणि कॅमेरा तिच्या खांद्यावर टेकवला. तिनं श्वास रोखून धरला. सहदेव बऱ्या डोळ्यानं फोकस लावत राहिला, घाई न करता. मान वर कर असं त्याला या वेळी सांगावं लागलं नाही. शेवंती आधीच तशी उभी होती.

आठवड्यानं दोन्ही रोल धुवून आले. सहदेवनं काढलेला फोटो इतका स्वच्छ होता की गाऊनची सुरकुतीसुद्धा मोजता यावी, आणि शेवंतीच्या चेहऱ्यावर असं काही होतं की अनुपमानं तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला. स्टेजवरच्या रोलमधला शेवटचा फोटो मात्र वेगळाच निघाला होता. रोल पुढे न सरकल्यामुळे स्टेजवरचे तिन्ही क्षण एकावर एक छापले गेले होते. स्टेजच्या काळसर पडद्यावर एक शेवंती पायऱ्या चढतेय, एक पदवी घेतेय, एक लोकांकडे तोंड करून उभी आहे. तिघींच्या साड्यांचे निळे काठ एकमेकांत मिसळलेले.

सहदेव म्हणाला, आयुष्यभर फोटो काढले, असा एकही निघाला नाही. शेवंतीला तो आवडला नाही. भुतासारखी दिसते म्हणाली, आणि भिंतीवर उन्हातला फोटो लावायला लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला जयभीम झाला की सहदेव त्या फोटोकडे बोट दाखवायचा. फोटो त्यानं स्वतः काढला हे तो सांगायचाच, पण आधी लेकीनं अंधारात नुसत्या बोटांनी रोल कसा वाचवला ते साग्रसंगीत सांगायचा, आणि अनुपमा घरात असली की मुद्दाम मोठ्यानं.

पुढच्या महिन्यात अनुपमा आईला चष्मा द्यायला साकीनाक्याच्या गाळ्यात गेली. शेवंती वाइंडिंगच्या मशिनवर होती. तिच्या समोरच्या भिंतीवर, फ्रेम करून, तीन शेवंत्यांचा फोटो लावला होता. अनुपमानं नुसतं बोट दाखवलं.

"घरी भिंतीला जागा कुठं आहे," शेवंती कॉइलवरची नजर न हलवता म्हणाली.

बाजूच्या मशिनवरची सपना हसायला लागली. तिनं सांगितलं, की माल घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हा फोटो बघावा लागतो, नाही बघितला तर शेवंतीताई माल मोजून देत नाही. मग तिनं जरा चाचरत विचारलं, की तिनं यंदा एफ.वाय.ला नाव घातलंय, तर तिचाही असा एक फोटो काढता येईल का. तीन नकोत, एकच चालेल.

कॅमेरा अनुपमाच्या बॅगेत होता, हल्ली तो असायचाच. बाहेर गल्लीत ऊन चांगलं होतं. तिनं सपनाला जेवणाच्या सुट्टीत बाहेर यायला सांगितलं. शेवंतीनं मशिन थांबवलं, खुर्ची मागे सारली आणि सपनाच्या हातातलं तारेचं रीळ काढून बाजूला ठेवलं.

"सुट्टी कशाला," ती म्हणाली, "ऊन आत्ता आहे."