गोकुळची कडी

"आत या आणि पँट सोडा," डॉक्टर म्हणाल्या, तसा गोकुळ दारातच थिजला. बारामतीच्या त्या दवाखान्यात बाई डॉक्टर निघेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. बाहेर बाकावर बायको, रेश्मा, पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिला त्यानं मुतखडा झालाय म्हणून सांगितलं होतं.

गोकुळ बावड्याच्या एका डेअरीकडून गावोगाव जनावरांच्या कानांना बिल्ले मारत हिंडायचा. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. गोकुळनं टोचलेलं गाईलाही कळत नाही, असं लोक म्हणत, आणि ते ऐकून ऐकून गडी जरा जास्तच फुगला होता. मागच्या महिन्यात पुण्यात एका टॅटूच्या दुकानात जाऊन त्यानं नको त्या जागी कडी घालून घेतली.

टोचणाऱ्यानं आधी नीट विचारलं होतं. शुगर आहे का? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का? भरून यायला महिने लागतील, तोवर बायकोपासून लांब राहा. मिठाच्या स्वच्छ पाण्याशिवाय काही लावू नका. सूज आली तर कडी ओढून काढू नका, डॉक्टर गाठा. गोकुळ मनातल्या मनात हसला. हा मला शिकवतो! शुगर नाही म्हणून त्यानं ठोकून दिलं. शुगरच्या गोळ्या तर त्यानं दिवाळीतच बंद केल्या होत्या. घरी येऊन जखमेवर मारला जनावरांचा जांभळा फवारा.

आता तिथं सूज होती, पू होता, अंगात ताप होता. डोळे मिटले की एका कालवडीचा बिल्ल्यानं चिघळलेला कान दिसायचा. तो शेवटी कापावा लागला होता, आणि धरायला गोकुळच होता.

"मॅडम, कापाय लागंल का वो?" त्यानं विचारलं.

"नाही. पण अजून अंगावर काढलं असतंत, तर मी एवढ्या खात्रीनं बोलले नसते. शुगर भलतीच वाढलीय. आणि हे जांभळं काय?"

"गाईचं औशिद."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्याला रडूच आलं.

"रोज जखम धुवायला कुणीतरी लागेल. मिसेसना बोलावू? तुम्ही हो म्हणालात तरच."

त्यानं मान डोलावली.

रेश्मा आली. तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "ह्यो काय परकार?"

"वरीस झालं, तू भिताडाकडं तोंड करून झोपतीस," गोकुळ खाली बघत म्हणाला. "मोबाइलात दाखवत्यात, ह्येनं बायका खूश व्हत्यात. मला वाटलं, तुझं मन उडालं."

"माजं कंबार दुखतंय वो. त्या कुशीवर जरा बरं वाटतं." ती म्हणाली. "जनावराचा कान टोचताना मालकाला इचारता की तुमी. मला एका शब्दानं इचारलं न्हाय."



जखम धुऊन झाली, इंजेक्शन झालं. दुपारी बावड्याकडं जाणारी एसटी लागली, ती निम्मी रिकामीच होती. गोकुळला बसवेना, म्हणून तो दांडा धरून उभा राहिला. रेश्मा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, एक हात कंबरेवर दाबून.

"ताई, बसा की, जागा हाय," कंडक्टर म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आमी उभंच बरं हाय."