इन्व्हर्स नाही

गेल्या वर्षी गणिताच्या प्रॅक्टिकलला संगणकाच्या पडद्यावर इशाऱ्याची एक ओळ उमटली आणि रक्षाची गाळण उडाली. होतं नव्हतं ते पुसून, कोरा कागद देऊन ती उठली. तीन वर्षांची बी.एस्सी. त्या एका प्रॅक्टिकलपायी लटकली. यंदाही गेलं असतं तर बी.एड.चं नावच काढायला नको होतं. लहानग्या टीनाला सासूच्या भरवशावर ठेवून कोंढ्याहून पवनीला येणारी सून परीक्षा तरी किती वर्षं देणार?

यंदा मॅट्रिक्सची बेरीज, गुणाकार सुरळीत झाले. शेवटच्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स, म्हणजे व्यस्त, मागितला आणि पुन्हा तीच मेली ओळ आली: मॅट्रिक्स सिंग्युलर आहे. खाली आकड्यांच्या जागी सगळीकडे अनंत.

शेजारचा प्रफुल्ल कुजबुजला, "सहाचे सात कर ना. उत्तर भेटते."

त्यानं मॅट्रिक्समधला सहा बदलून तेच केलं होतं, आणि त्याच्या पडद्यावर आकडे कसे छान झळकत होते. रक्षाचं बोट सातावर गेलंही. मग तिला स्वतःचाच राग आला. पळायचंच असेल तर निदान कशाला भिऊन पळतोय ते तरी बघावं, म्हणून तिनं डिटरमिनंट काढला. शून्य. मॅट्रिक्स पुन्हा वाचली, तर तिसरी ओळ पहिलीच्या बरोबर दुप्पट. सिंग्युलर म्हणजे हेच; अशा मॅट्रिक्सचा इन्व्हर्स येणार कुठून? इन्व्हर्स नाही, असंच तिनं कागदावर लिहिलं.

परीक्षक गेल्या वर्षीचेच निघाले. कागद पाहून त्यांनी विचारलं, इन्व्हर्स कुठे आहे?

"नाही सर. निघूच शकत नाही."

"मग चुकलं कोण? मशीन की तुम्ही?"

"कोणीच नाही, सर."

ते पहिल्यांदा हसले. बाकी सगळ्यांनी कुठून कुठून इन्व्हर्स आणलेत, म्हणाले, आणि सही करत पुढे म्हणाले, "आता पुढच्या वर्षी इथं दिसू नका."

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला. सासू शकुनबाई फोनजवळच बसून होत्या. उत्तर आलं का, एवढंच त्यांना हवं होतं.

"उत्तर नव्हतंच, आई. नाही म्हणूनच लिहाचं होतं. झाली मी पास."

सासू म्हणाली, "मंग वर्षभर रडून कायले राहिली होतीस?"

रक्षा फाटकाशीच मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.