माझ्या काचेवरचे एकेचाळीस अंगठे

मी रामाकोना गावच्या बँक-मित्र केंद्रातली अंगठ्याची मशीन. तळहातावर मावेन एवढी, काळी. वर बोटापुरती काच, मागे एक वायर. काचेखाली लाल दिवा लागला की माणूस आपोआप अंगठा पुढे करतो. माझं सगळं आयुष्य त्या काचेवर गेलं. एक दुपार सोडली तर ते चांगलं गेलं, असंच मी म्हणेन.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. कारखान्यात पाठीवर एक नंबर छापला गेला, एवढं पक्कं. मी घेतलेल्या प्रत्येक अंगठ्यासोबत तो नंबरही बँकेच्या नोंदीत जातो, हे मला फार पुढे कळलं.

मला सौंसरहून आणलं प्रियंकानं. तिचे वडील सुखदेव सौंसरच्या नगरपालिकेत शिपाई होते. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून तिनं केंद्र उघडलं. बँक लांब, त्यामुळे पेन्शनवाल्या म्हाताऱ्या, संत्रा तोडणाऱ्या बाया, सगळ्या पैसे काढायला इथंच यायच्या. संत्र्याच्या सालीचा वास असलेली बोटं मी अंधारातही ओळखीन.

सगळ्यात अवघड अंगठा लीलाबाईचा. जन्मभर कापूस वेचून, निंदण करून त्यावरच्या रेषाच झिजलेल्या. मी तीन-तीनदा नाकारायची. प्रियंका ओल्या फडक्यानं तो अंगठा पुसायची, काच पुसायची आणि म्हणायची, "दाबू नको मावशी, नुसता ठेव."

"मशीनीले बी मी म्हातारी वाटून राहिली काय व?" लीलाबाई हसायची. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला की दोघींपेक्षा मलाच हायसं वाटायचं.

मग दिलीप आला. सौंसरचा, असंच काम करणारा, गोड बोलणारा. केंद्राचा अर्ज भरायला त्यानंच प्रियंकाला मदत केली होती. "ताई, जामसांवलीच्या रस्त्यावर पेन्शनच्या कागदांचं शिबिर आहे. माही मशीन बिघडली. एक दिवस तुही दे ना."

उपकार केलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? तिनं मला त्याच्या हाती दिलं.

त्या दुपारी मांडवात एकेचाळीस बाया आल्या. "पेन्शन पक्की करायची आहे, अंगठा लावा," एवढंच दिलीप सांगत होता. पुढे कळलं, दर अंगठ्याला त्या बाईच्या नावानं एका दूरच्या बँकेत नवं खातं उघडत होतं. त्याचं कार्ड आणि त्याला जोडलेलं सिम दिलीपच्या पिशवीत जाणार होती. अंगठा खरा की खोटा, एवढं मला कळतं. तो कशासाठी घेतला, ते कळत नाही. त्या रांगेत लीलाबाईही होती. तिचा अंगठा त्या दिवशी पहिल्याच खेपेला लागला.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रात परत आले. चार महिन्यांनी लीलाबाईची पेन्शन निघेना. पडद्यावर एकच ओळ यायची, खातं गोठवलं आहे. आठवड्यानं परराज्यातल्या पोलिसांची नोटीस आली. तिकडच्या एका निवृत्त शिक्षिकेला कोणीतरी फोनवर धमकावून लुबाडलं होतं. ते पैसे लीलाबाईच्या नावच्या त्या नव्या खात्यात आले आणि अर्ध्या तासात क्रिप्टो या आभासी चलनात बदलून पुढे गेले होते. म्हणून तिच्या नावाची सगळीच खाती गोठवली होती.

"क्रिप्टो म्हंजे काय व?" तिनं कागद प्रियंकापुढे धरला. "मी त त्या मास्तरीणबाईले पाह्यलं बी नाई. मले जेलात नेतीन काय?"

प्रियंकानं नोटिशीतली खातं उघडल्याची तारीख वाचली. पुन्हा वाचली. शिबिराचाच दिवस. मग माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, मशीन माही होती."

"कोणाले माहीत आहे?"

"अजून कोणाले नाई. पण सांगितलं त केंद्र जाईन. केस माह्यावरही येऊ शकते."

सुखदेव तिच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी साहेबलोकाइच्या फायली उचलल्या. दाबलेला कागद कधी ना कधी वर येतेच. अन् तू चूप राह्यली त लीलाबाईले कोण सोडवीन? सकाळी मी येतो तुह्यासंगं."

सौंसरच्या ठाण्यात फौजदार भाग्यश्री मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. दिलीपला मशीन दिल्याची चिठ्ठी नव्हती. पण त्यानं पाठवलेला मेसेज प्रियंकाच्या मोबाइलमध्ये होता, 'ताई शिबिर झालं, तुही मशीन उद्या वापस करतो.'

मॅडमनी तो वाचला आणि पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. "मशीनच्या नंबरवरून आम्ही तुझ्यापर्यंत आलोच असतो. तेव्हा तू आरोपी असतीस. आज स्वतःहून आलीस, आता साक्षीदार म्हणून बस."

मला कापडात गुंडाळून लाखेची मोहर लावली गेली. मुद्देमालाच्या खोलीत मी नऊ महिने होते. पण माझा नंबर बाहेर बोलत होता. एक मशीन, एक दुपार, एकेचाळीस खाती. बाया सांगत होत्या ते खरंच होतं. आणि क्रिप्टो विकणाऱ्यांनाही आता कायद्यानं गिऱ्हाइकाची ओळख ठेवावी लागते. आपला वाटा दिलीपनं क्रिप्टोतच, स्वतःच्या नावानं घेतला होता. तिथून त्याचा फोटो निघाला आणि नागपुरात तो धरला गेला.

लीलाबाईच्या अर्जावर न्यायालयानं सांगितलं, वाद आहे तेवढीच रक्कम रोखा, हिची पेन्शन मोकळी करा. त्या शिक्षिकेचे अर्धेच पैसे सापडले. उरलेल्यांचं मला आजही वाईट वाटतं.

प्रियंकाचं केंद्र सहा महिने बंद होतं. तेवढे दिवस तिनं संत्र्याच्या पेट्या भरल्या. लोक नाही नाही ते बोलले, पण लीलाबाई कोणाला एक शब्द बोलू द्यायची नाही. "ह्या पोरीनं सोताच्या गळ्यातला फास दाखवून माहा काढला," म्हणायची.

जपून ठेवायच्या अटीवर न्यायालयानं मला परत दिलं, तोवर नियम बदलले होते. माझ्यासारख्या जुन्या मशीनी आता चालत नाहीत. नवीला म्हणे अंगठा जिवंत माणसाचा आहे का, हेही कळतं. मी फळीवर बसून तिचं काम पाहते. हेवा वाटत नाही. मला भंगारात न टाकता प्रियंका रोज पुसते. तिनं तोंड मिटून घेतलं असतं तर मी एका चोराचं हत्यार म्हणून संपले असते. तिच्यामुळे मी साक्षीदार झाले. हे ऋण मोठं आहे, आणि ते माझ्या अंगावर राहू दे.

परवा लीलाबाई पेन्शनसाठी आली. नव्या मशीनचा दिवा लागला. तिनं अंगठा वर नेला आणि काचेच्या बोटभर वरच थांबवला.

"पहिले सांग, कायच्यासाठी लावू?"

प्रियंकानं पडदा तिच्याकडे वळवला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत सगळं वाचून दाखवलं. लीलाबाईनं मान हलवली. मग अंगठा टेकवला.

मागची बाई पुढे आली आणि म्हणाली, "मलेही वाचून दाखव, ताई."

त्या दिवशी रांग फार हळू सरकली. कोणी कुरकुरलं नाही.