वरचं पाणी

दारूबंदीचे इन्स्पेक्टर बोरसे बादलीवाल्या शिपायाला घेऊन बोईसरच्या शेडमध्ये शिरले, तेव्हा हंसा चुरी काचेच्या मोठ्या भांड्यात थेंबथेंब स्पिरिट सोडत होती. चिंचणीची ही पोरगी रसायनशास्त्र शिकून आलेली, आणि डोक्यात एकच खूळ: रक्त गेलेल्या माणसाच्या शिरेत चढवायचं द्रव इथंच बनवायचं. साखरेवर जंतू पोसले की ते लांबच लांब साखळ्या विणतात. त्या आम्लाने तोडल्या की लहानमोठे तुकडे पडतात. फार लांब तुकड्यांनी रक्त चिकटतं, फार आखूड असले तर लघवीवाटे निघून जातात. हवे असतात ते मधले, एका मापाचे. स्पिरिट वाढवत गेलं की आधी लांब तुकडे तळाशी बसतात. आधीचे दोन घाणे वाया गेले होते. हाही गेला तर मालक काम बंद करणार होते.

तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर कोणी स्पिरिट विकतं अशी आवई उठली होती, आणि शेडचा स्पिरिट बाळगायचा परवाना नेमका संपलेला. बोरशांनी स्पिरिटच्या पिंपाला लाखेचं सील ठोकलं. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमाला चिकटून होता. "बाई, बेकायदा स्पिरिट जमिनीवर ओतायचं असतं. तुमचं औषध राहू द्या," तळाचा पांढरा गोंद दाखवत ते समजुतीने म्हणाले. "वरचं पाणी तेवढं ओततो."

हंसा भांड्यासमोर आडवी आली. "साहेब, उलटं हाय! गोंद टाकायचा. औषध वरच्या पाण्यात हाय."

दारू लपवायच्या शंभर तऱ्हा बोरशांनी पाहिल्या होत्या, पण ही थाप नवीच होती. "दाखवा मग."

"दाखवते. पण अजून स्पिरिट लागंल."

"म्हणजे मी लावलेलं सील मीच फोडू?"

"दुसरा मार्ग नाय, साहेब."

रागवावं की हसावं, त्यांना कळेना. हंसा मात्र रडायच्या बेतात होती. ते पाहून त्यांनी लाख फोडली.

तिने वरचं पाणी अर्धा ग्लास काढून त्यांच्या हातात दिलं आणि त्यात स्पिरिट सोडलं. नितळ पाणी आधी धुरकट झालं, मग चक्क दुधासारखं. "हेच औषध, साहेब. पण तुकडे एका मापाचे लागतात," हंसा म्हणाली.

"हे एका मापाचे?"

"ते मोजल्याशिवाय नाय सांगता यायचं. पण लई लांबवाले खाली गेले."

बोरसे ग्लासाकडे बघतच राहिले. हंसाचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात शिपाई बादली घेऊन पुढे आला. "साहेब, कुठं ओतू?"

बोरशांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला.

"दूर हो," ते ओरडले. "थेंब सांडला तर याद राख!"