शुक्रवारची जीप

सिनाआ रस्त्यावरच्या झुहेरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात अबू वद्दाह तासभर उभे होते. टेबलावर दोन कॉम्प्युटर उघडे मांडले होते. ग्राफिक्स कार्ड तेच, मेमरी तीच, पडद्यावरचा खेळही तोच. फक्त प्रोसेसर वेगवेगळे.

"कोपऱ्यातला आकडा बघा हज्जी," झुहेर म्हणाला. "सेकंदाला किती चित्रं पडतात ते. हा साधा नव्वद देतो, पण बाँब फुटला की पन्नासवर येतो."

"आणि तो?"

"एकशेचाळीस. काहीही फुटू दे, एकशेदहाच्या खाली उतरत नाही. पण वीज दुप्पट पितो. गल्लीतल्या जनरेटरची लाइन किती अँपिअरची आहे घरी?"

"चारची."

"मग साधाच न्या. कूलर, फ्रिज आणि हा, तिन्ही लावले की खटका पडलाच. या वयात कुठला कप जिंकायचाय तुम्हाला?"

"जीप हाकायचीय. चौतीस वर्षं बस चालवली, कधी अडकली नाही. आता जीप अडकते नि पोरगा मरतो."

पोरगा म्हणजे वद्दाह; त्याच्याच नावानं लोक त्यांना अबू वद्दाह, वद्दाहचा बाप, म्हणत. सहा वर्षांपूर्वी स्वीडनला गेलेला. फोनवर दोघांचं 'बरंय ना', 'बरंय' एवढ्यावर संपायचं. पण शुक्रवारी दुपारी इंटरनेटवरच्या खेळात बाप जीप हाकायचा, लेक मागून गोळ्या झाडायचा आणि मधल्या मोकळ्या रस्त्यावर गोष्टी निघायच्या. गुडघ्याच्या, घरमालकाच्या, कशाकशाच्या. मग खेळाची नवी आवृत्ती आली आणि जुना कॉम्प्युटर धापा टाकू लागला. गेले तीन शुक्रवार वद्दाह म्हणत होता, "राहू द्या बाबा, पुढं बघू." त्या 'पुढं बघू'ची अबू वद्दाहना धास्ती बसली होती.

त्यांनी वेगवान घेतला.

शुक्रवारी सरकारी वीज नव्हती, घर जनरेटरवर होतं. खेळ सुरू होताच खटका पडला. त्यांनी कूलर बंद केला.

"तासभरच," ते बायकोला म्हणाले.

"खेळा हो. मी काही वितळत नाही." उम्म वद्दाहनं ओला पंचा डोक्यावर घेतला. बाहेर जुलै होता, वर्षातला सगळ्यात तापलेला महिना.

जीप सुसाट निघाली. "अरे वा बाबा! आज विमान आणलंत की काय?" वद्दाह हसत होता. पूल ओलांडल्यावर तो हळूच म्हणाला, "बाबा, इथं एक मुलगी आहे. कामावरचीच."

"नाव काय?"

"सांगतो. हसायचं नाही हं."

उम्म वद्दाह चटकन माइकजवळ वाकली. "कोण रे? कुणाची?"

"आई, धापा का टाकतेस? आणि कूलरचा आवाज कुठं गेला?"

"गार झालंय, म्हणून बंद केलाय."

"जुलैत?"

पलीकडे गोळीबार थांबला. मग वद्दाह म्हणाला, "बाबा, जीप अडकतेय तुमची. थांबू या. नाहीतरी शुक्रवारी मला आता कामच असणार. फोन करत जाईन."

अबू वद्दाहनी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. एकशेबेचाळीस. आकडा हललाही नव्हता. पोराला आईचा घाम आवाजावरून कळला होता, आणि खरं बोलून तो त्यांना लाजवणार नव्हता.

"हो रे," ते म्हणाले. "अडकतेय खरी."

त्यांनी मशीन बंद केलं, कूलर लावला. उम्म वद्दाह वाऱ्यासमोर येऊन बसली. "नाव राहिलंच की तिचं! एवढा महागाचा आणलात, तरी अडकला? याहून वेगवान मिळत नाही का हो?"

"नाही," अबू वद्दाह म्हणाले. "हाच सगळ्यात वेगवान."